घोड्याच्या कानातला कापूस

माझ्या नवऱ्याला तुम्ही पाहिलेलं आहे. ड्यूई प्रुइट हे नाव सांगितलं तर कुणाला काही आठवत नाही, पण फोटो दाखवला की लोक म्हणतात, अरे, हा तर तो! बँक लुटून पळताना पहिल्याच वळणावर गोळी खाऊन घोड्यावरून पडतो तो. पत्ते खेळताना चोरून पान बदलतो आणि टेबलासकट उलटा होतो तो. काउबॉयच्या सिनेमात हिरोचं नाव पोस्टरवर फूटभर अक्षरांत असतं. ड्यूईचं नाव कुठल्याच पोस्टरवर नव्हतं. स्टुडिओतले लोक त्याला ‘तो नाकवाला’ म्हणायचे, कारण लहानपणी ओक्लाहोमात खेचराने लाथ मारून त्याचं नाक जे डावीकडे वळवलं, ते पुन्हा सरळ झालं नाही.

त्या नाकाने आम्हाला घर दिलं. दुष्काळात आम्ही ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात आलो तेव्हा त्याला घोड्यावर बसण्यापलीकडे काही येत नव्हतं. हॅट आणि बूट घालून तो इतर बेकार घोडेस्वारांबरोबर औषधाच्या दुकानाबाहेर उभा राहायचा, आणि स्टुडिओचा माणूस गाडी घेऊन आला की हात वर करायचा. सुरुवातीला काम एकच, गर्दीत दौडायचं आणि पडायचं. मग कुणीतरी नाकाकडे पाहून म्हणालं, याला एक वाक्य द्या. वाक्य होतं, ‘शेरीफ येतोय!’ ते म्हणून तो लगेच मेला. त्यानंतर आमच्या घरात त्याच्या मरणावर चूल पेटत राहिली, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही.

तो चांगला मरायचा. पोटात गोळी लागलेला माणूस आणि खांद्यात लागलेला माणूस एकसारखा पडत नाही, हे तो मला स्वयंपाकघरात पडून दाखवायचा. मी म्हणायची, ‘उठ आता, फरशी पुसायचीय.’ बेकरीत एकदा एका बाईने त्याला पाहिलं आणि पर्स छातीशी घट्ट धरली. ड्यूईने हॅट काढून तिला वाट करून दिली, आणि घरी येईपर्यंत तो खुशीत शीळ घालत होता.

मी त्याच सिनेमांच्या कपडेपटात होते. नवे कपडे जुने करायचे हे माझं काम. कोरा शर्ट दगडाने बडवायचा, कोपरं घासायची, वरून धूळ मारायची. मुख्य नटाच्या शर्टाला एक सुरकुती जास्त पडली तरी दहा जण ओरडायचे. ड्यूईसारख्यांच्या शर्टाला भोक पाडून लाल रंग भरला की काम झालं. सुईदोरा, ब्रश आणि धुळीची पिशवी घेऊन मी सदान्‌कदा कॅमेऱ्याशेजारी उभी असायची, आणि पुढे जे लपवायची वेळ आली ते लपवता आलं ते एवढ्याचमुळे.

त्याचे कान गेले. खोट्या काडतुसात गोळी नसते, पण दारू खरीच असते. पडद्यावर धूर दिसावा म्हणून ती भरपूर भरतात, आणि बारमधल्या मारामारीत चारी बाजूंनी पिस्तुलं उडतात ती कानापासून हातभर अंतरावर. मरणाऱ्याने कान झाकायचे नसतात. डावा कान एका दुपारीच गेला. उजवा वर्षावर्षाने गेला. मी मागून हाक मारली आणि त्याने वळून पाहिलं नाही, तेव्हा आधी मला राग आला, मग भीती वाटली. मी त्याच्या पाठीमागे पातेलं आपटलं. तो शांतपणे सफरचंद सोलत राहिला.

हे कुणाला कळलं असतं तर त्या दिवसापासून काम बंद. बंदुका आणि घोड्यांमध्ये बहिरा नट कोणतीही कंपनी उभा करत नाही, कारण त्याचा विमाच होत नाही. तेव्हा आम्ही दोघांनी तोंड शिवून घेतलं. तो ओठ वाचायला शिकला. स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय हे कळावं म्हणून गळ्याच्या रुमालाखाली अंगठा घालून उभा राहायचा, आणि दिग्दर्शकांना वाटायचं, वा, काय बेरकी लकब काढलीय! समोरच्याचं वाक्य संपलं की मी हातातला ब्रश खाली करायची. तो मला बघायचा आणि बोलायचा.

आणि घोडे होते. स्टुडिओचे घोडे वर्षानुवर्षं तेच काम करून ‘ॲक्शन’ हा शब्द ओळखायला लागतात. दिग्दर्शक तो म्हणाला की त्यांची पाठ ताठ होते. मांडीखाली पाठ ताठ झाली की ड्यूईला कळायचं, सुरू झालं. मागे कुणी बोलायला लागलं की घोड्याचे कान मागे वळतात, बोलणं थांबलं की पुढे येतात. ड्यूई ते कान वाचायचा. ‘लेटा,’ तो म्हणायचा, ‘मला दोन कान कमी झाले, पण दर कामाला दोन नवे मिळतात.’ मला हसू यायचं नाही. 

अशात सत्तावन साली त्याला ते काम मिळालं. टेलिव्हिजनवर एक नवी मालिका येणार होती, आणि तिच्यात गावातल्या तबेल्याचा म्हातारा मालक हवा होता. पहिल्याच भागात गावकरी त्याला घोडेचोर समजून झाडाला फासावर द्यायला नेतात, शेरीफ येऊन त्याला वाचवतो, आणि मग तो म्हातारा दर आठवड्याला दिसतो. दर आठवड्याला! ड्यूईने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘लेटा, हा माणूस मरत नाही.’ तो रडला नाही, पण मी रडले. मात्र एक अट होती. पहिला भाग चांगला झाला तरच पुढचा करार, आणि ते ठरवणार दिग्दर्शक फेस्लर.

फेस्लर तरुण होता. न्यूयॉर्कहून आलेला, काळा चष्मा लावणारा, हळू बोलणारा माणूस. हळू बोलणाऱ्या माणसाचे ओठही कमी हलतात, म्हणून मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पण कामाला चोख होता आणि ड्यूईला ‘मिस्टर प्रुइट’ म्हणायचा, हेही सांगितलं पाहिजे. इतक्या वर्षांत तसं म्हणणारा तो पहिलाच.

फाशीचा प्रसंग डोंगराजवळच्या रँचवर, म्हणजे गुराघोड्यांच्या मोठ्या शेतावर, होता. मोठं ओकचं झाड, फांदीला दोर, खाली बिस्किट नावाच्या पिवळसर घोड्यावर ड्यूई, हात मागे बांधलेले, गळ्यात फास. फास अर्थातच खोटा. गाठ बारीक दोऱ्याने धरलेली असते, ओढ बसली की दोरा तुटतो आणि फास सुटतो. मी कॉलरच्या आत चामड्याची पट्टी शिवली होती आणि तो दोरा स्वतः दोनदा ओढून पाहिला होता. दोन्ही वेळा तुटला. तरी तिसऱ्यांदा जो बांधला तो मी ओढलेला नव्हता, हे माझ्या डोक्यातून जाईना.

सकाळी जवळचे शॉट झाले. गावगुंडांचा म्होरक्या होता कॅस मर्चिसन, आमच्या लग्नाइतकाच जुना मित्र, त्यालाही पडद्यावर कुणी जगू दिलेलं नव्हतं. तो घोड्याच्या मागे उभा राहून ड्यूईला टोमणे मारतो आणि शेवटी विचारतो, ‘बोल, काही राहिलंय का बोलायचं?’ त्यावर ड्यूईने म्हणायचं, ‘माझ्या घोड्यांना पाणी पाजायचं राहिलंय. तेवढं कुणीतरी बघा.’ कॅस मागे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मी समोर ब्रश घेऊन उभी राहिले, तर फेस्लर म्हणाला, ‘मिस्टर प्रुइटच्या नजरेसमोर कुणी नको. त्यांना एकटं वाटलं पाहिजे.’ मला बाजूला काढलं. वर ऊन परतवणारे मोठे चकचकीत पत्रे त्याच्या तोंडासमोर लावले, त्या झगमगाटापलीकडे त्याला काहीच दिसत नव्हतं.

मी नखं कुरतडत उभी. बिस्किटचे कान मागे वळले, कॅस बोलत राहिला, थांबला, कान पुढे आले. ड्यूई बरोब्बर बोलला. इतकं साधं, इतकं थकलेलं बोलला की धूळ मारायची पिशवी माझ्या हातातून पडली. फेस्लर चष्मा वर करून म्हणाला, ‘छान. दुपारी पूर्ण प्रसंग एका दमात घेऊ. गोळीबारासकट.’

जेवणात राजमा आणि मक्याचा पाव होता, पीच भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थसुद्धा. ड्यूईने माझा वाटा खाल्ला. ‘आता मिळालं समज,’ तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

दुपारी पुन्हा सगळे आपापल्या जागी गेले. ड्यूई घोड्यावर चढला, हात बांधले, फास अडकवला. प्रसंग लांबून चांगला दिसावा म्हणून फेस्लरने स्वार वाढवले होते, आणि शेरीफ मागून रायफल उडवत येणार होता. तेवढ्यात घोडे सांभाळणारा होब आला, खिशातून कापसाचे बोळे काढले, आणि बिस्किटच्या दोन्ही कानांत खोल बसवले.

गोळीबार असला की घोड्यांच्या कानांत कापूस घालतातच. दर वेळी घालतात. होब बिचारा रोजचं काम करत होता. एरवी गोळीबार असला की ड्यूईसमोर मी असायची. आज मी नव्हते आणि आता घोडाही नाही. 

‘कॉलर!’ असं ओरडून मी धावले. स्टूल ठेवून वर चढले आणि त्याची कॉलर नीट करायचं नाटक करू लागले. त्याने कापूस पाहिलेला होता.

‘काढ तो,’ तो पुटपुटला.

मी आवाज न करता ओठांनी म्हटलं, ‘नाही.’

‘लेटा, काढ. एका कानातला तरी काढ.’

‘गोळी उडाली की उधळेल तो.’

‘गुडघ्यांनी धरीन.’

‘हात बांधलेत तुझे.’

‘दोरा तुटेल की.’

‘आणि नाही तुटला तर?’

‘तर मरेन. सवय आहे मला.’

‘या वेळी मरायचं नाहीये मूर्खा, हेच तर काम आहे तुझं!’

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या माणसाने पडद्यावर सगळ्या जगाला धमक्या दिल्या होत्या, पण घरात कधी डोळे मोठे केले नव्हते. त्या दिवशी केले. ‘तू माझं काम घालवतेयस,’ तो म्हणाला.

‘घालवते,’ मी म्हटलं. ‘काम गेलं तर मी दुसऱ्यांची धुणी धुवीन. तू गेलास तर मी काय करू?’

बोळ्याचं टोक माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं. नुसतं ओढायचं. कुणी पाहिलंही नसतं. मी खाली उतरले, स्टूल उचललं आणि वळून न बघता चालू लागले. पाठीला त्याची नजर टोचत होती. माझं बरोबर होतं आणि तरी मला चोरासारखं वाटत होतं.

‘ॲक्शन’ ऐकून घोडे आधीच निघू नयेत म्हणून रँचवर तो शब्द मोठ्याने म्हणत नसत. फेस्लरने हात खाली केला. स्वार घोळका करून आले, कॅस बोलू लागला. मी बाजूने पाहत होते. बिस्किटचे कान जागच्या जागी, लाकडी खेळण्यासारखे. ड्यूई पत्र्यांच्या झगमगाटात डोळे बारीक करून बसलेला, हात मागे, अंगठा गळ्यापर्यंत पोचणार नव्हता. कॅसचं वाक्य संपत आलं. ‘बोल, काही राहिलंय का बोलायचं?’

सगळं थांबलं. एक घोडा फुरफुरला. फेस्लर पुढे वाकला.

आणि कॅस, ज्याने जागेवरच उभं राहायचं होतं, एक पाऊल पुढे आला आणि त्याने ड्यूईचा बूट घट्ट धरला.

ड्यूई बोलला. ‘माझ्या घोड्यांना पाणी पाजायचं राहिलंय. तेवढं कुणीतरी बघा.’ आवाज जरा मोठा होता, पण फासात मान असलेल्याचा मोठा आवाज शोभतोच.  म्हणजे कॅसला माहीत होतं! केव्हापासून माहीत होतं, देव जाणे, आणि मी त्याच्यासमोर इतकी वर्षं ब्रश नाचवत होते!

रायफल उडाली. पुन्हा उडाली. बिस्किटची कातडी थरथरली, पण तो हलला नाही. स्वार पांगले, शेरीफ मागून घोडा फेकत आला. दोर कापण्याआधीच फेस्लर समाधानाने म्हणाला, ‘कट. मिळालं.’ हळूच म्हणाला, नेहमीसारखा.

लोक सैल झाले. शेरीफ झालेला देखणा पोरगा घोडा वळवून पाण्याच्या पिंपाकडे गेला. कुणी हॅट काढली, कुणी सिगारेट. कॅस पिस्तुलाचा पट्टा सोडत ड्यूईकडे पाठ करून मागे वळला होता. आणि पत्र्यांच्या झगमगाटात एकटा ड्यूई तसाच ताठ बसलेला, मान किंचित वर, दोर कापला जायची वाट बघत. वाट बघून त्याने ठरलेलं पुढचं वाक्य म्हटलं.

‘उशीर केलास, शेरीफ. पण आलास.’

मागे कुणीही नव्हतं. पत्रे धरणारा एक जण खिंकाळल्यासारखा हसला, आणि मग त्याचं हसू तोंडातच राहिलं.  ओरडूनही उपयोग नव्हता, त्याला ऐकूच येणार नव्हतं.

कॅस गर्रकन वळला. पट्टा पुन्हा आवळला, पिस्तूल उपसलं आणि गरजला, ‘अजून संपलेलं नाही, म्हाताऱ्या!’ हे वाक्य कागदावर नव्हतंच. बाकीच्या स्वारांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने सिगारेट टाचेखाली दाबली आणि घोड्यावर टांग टाकली. दुसऱ्याने हॅट घातली. बघता बघता सगळा घोळका पुन्हा झाडाखाली, हात पिस्तुलांवर, चेहरे दगडासारखे. कॅमेरा बंद होता. ती माणसं कुणासाठीच नट झाली होती, फक्त ड्यूई एकटा पडू नये म्हणून.

‘मी कट म्हणालो,’ फेस्लर म्हणाला.

‘आम्हाला नाही ऐकू आलं,’ कॅस म्हणाला.

‘मलाही नाही,’ मागून एक स्वार.

‘सगळेच बहिरे झालात की काय?’

‘साहेब,’ कॅस म्हणाला, ‘तुमच्यासारख्यांना धूर हवा म्हणून आयुष्यभर कानाशी पिस्तुलं उडवून घेतोय आम्ही. कुणाला धड ऐकू येतं इथे?’

 फेस्लर पत्र्यांच्या मधून चालत घोड्याजवळ गेला. तो दिसल्यावर ड्यूईला कळलं की प्रसंग कधीच संपलाय. त्याचा चेहरा उतरला. फेस्लरने सिगारेट पेटवायला मान खाली घातली, ओठ तळव्याआड घेतले, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं, ‘मिस्टर प्रुइट, किती वर्षं झाली कान जाऊन?’

ड्यूई त्याच्या तळव्याकडे बघत राहिला. हेच त्याचं उत्तर होतं.  हात बांधलेला, गळ्यात दोर असलेला माझा नवरा एकेका चेहऱ्याकडे बघत होता. त्याच्याबद्दल काहीतरी ठरतंय एवढं त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. आयुष्यात कुणाची इतकी कणव मला आली नव्हती, आणि इतका संतापही. शेवटी त्याला पत्र्याशेजारी मी सापडले.

‘काय म्हणतायत गं?’ त्याने विचारलं. मोठ्याने. लपवायचं सोडून दिल्यासारखं.

मी ड्यूईकडे पाहिलंच नाही. फेस्लरच्या काळ्या चष्म्यात बघून, घसा ताणून, सगळ्यांदेखत म्हटलं, ‘सोमवारी सकाळी सहाला कामावर या म्हणतायत!’

काडी फेस्लरच्या बोटांपर्यंत जळत आली. त्याने ती झटकली. कॅसने पिस्तूल अजून म्यानात घातलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता म्हण ‘नाही’, म्हण, माझ्या तोंडावर म्हण.

त्याने चष्मा काढला. घोड्याच्या अगदी समोर, ड्यूईला नीट दिसेल असा उभा राहिला, आणि ओठ स्पष्ट हलवत एकेक शब्द म्हणाला, ‘साडेपाचला. तबेला तुमचा आहे, मिस्टर प्रुइट. माझ्याआधी पोचायला हवं.’

ड्यूईने ते वाचलं. मला वाटतं, त्याने पुन्हा एकदा मनात वाचलं असावं, कारण त्याचेही ओठ तसेच हलले. 

‘मला कधी उशीर होत नाही,’ तो म्हणाला. ‘आता कुणीतरी हा दोर काढा. बायकोला मिठी मारायचीय, आणि तिने ऐकलं नाही म्हणून भांडायचंही आहे.’